बाबूलाल विमान शिकतो

"डावा जाते पान्याले, उजवा राह्यते घरी,
उजवा जाते बाजाराले, डावा राखन करी."

पन्नास वर्षांपूर्वी केशरबाईनं आपल्या पोराला, बाबूलालला, मागाच्या खड्ड्यात बसवून हे गाणं शिकवलं होतं. पायाखाली लाकडाच्या दोन पावड्या. एक दाबली की दुसरी वर येणार. तिचा आवाज कोशाच्या धाग्यासारखा, जरा खरखरीत आणि तुटता न तुटणारा. आई गेली, तिच्या वेळचे माग गेले, आंधळगावच्या त्या गल्लीत आता तीन-चारच माग खटखटतात. बाबूलालचा त्यातला एक, तोही दुपारपर्यंतच, कारण पुढं गुडघे ऐकत नाहीत. पाय मात्र ते गाणं विसरले नव्हते, आणि त्यांनीच त्याच्या विमानाचं वाटोळं चालवलं होतं.

"बाबा, पाय! पाय आवरा ना!" हेडफोनमध्ये तेजस्विनी ओरडली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान धावपट्टीवरून डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे, आणि शेवटी गवतात शिरून नाकावर उभं राहिलं.

"मागावर बसल्यासारखे पाय चालवून राहिले तुम्ही. एक पाय थोडासा दाबा अन् तसाच धरा."

"धरून ठेवला का पाय मरते माहा," बाबूलाल म्हणाला. "साठ वर्साचा पाय आहे, त्याले थांबाचं कोनी शिकवलंच नाई."

चुलीकडून त्याच्या बायकोनं, सुमित्राबाईनं, मान वर केली. "पडलं का?"

"पडलं."

"आजचं कितवं?"

"चौथं."

"बाप्पा! एवढी इमानं तर नागपूरवरून बी उडत नसतीन सकाळपासून."

पुण्यात बसलेल्या पोरीला हेडफोनमधून ते ऐकू गेलं आणि ती हसली. बाबूलालनं दोन्ही कान हातांनी दाबून धरले, ते हसू बाहेर सांडू नये म्हणून.

त्या हसण्यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप. तेजू पुण्याला नोकरीला गेली त्याला दोन वर्षं होत आली. रोज फोन व्हायचा. जेवली का? हो. बरी आहेस ना? हो. ठेवू का मंग? हो. तीन 'हो' झाले की दिवस संपला. दिवाळीला ती घरी आली, तीही थकलेली. पण एका दुपारी ओसरीवर लॅपटॉप मांडून, जॉयस्टिक हातात धरून ती कोणाकोणाशी बोलत बसली होती. देशभरची माणसं आपापल्या घरी बसून जुन्या महायुद्धातली विमानं उडवतात, टोळी करून एकमेकांवर धावून जातात, असा तो खेळ. "वर बघ, वर! तुझ्या शेपटीवर आहे तो!" ती ओरडत होती, हसत होती. बाबूलाल हातातली धाग्याची कांडी तशीच धरून दारात उभा राहिला. ही तर आपली जुनी तेजू. घरात राहत नाही, त्या आभाळात राहते. मग तिथं जाणं आलं.

"मले बी शिकव," तो म्हणाला.

तिला आधी थट्टाच वाटली. मग दुसऱ्या दिवशी नत्थू सुताराकडून मोडक्या मागाच्या दोन पावड्या कापून आणल्या, त्यांना वायरी जोडल्या, टेबलाखाली बसवल्या. विमानाची शेपटी पायांनी वळवायची असते म्हणाली. जुना लॅपटॉप घरीच ठेवून गेली. तिची कामाची पाळी दुपारची, म्हणून सकाळी सातला शिकवणी.

पहिली सकाळ त्याला अजून खुपते. तिची टोळी खेळायची तो खेळ अवघड पद्धतीचा; इंजिन आयतं सुरू होत नसे. पडद्यावर नुसती घड्याळंच घड्याळं.

"आधी खाली डावीकडे पाहा, बाबा. तो लाल दांडा. पेट्रोलचा कॉक आहे. तो उघडल्याशिवाय पुढचं सगळं फुकट."

बाबूलालचा हात माऊसवर तसाच राहिला.

"दिसला का?"

"दिसला."

"मंग उघडा ना. काहून थांबले?"

त्यानं उघडला. पंखा फिरला, धूर निघाला, पलीकडून पोरीनं टाळी वाजवली. त्याला मात्र मौदा गावाच्या अलीकडचा तो रस्ता दिसत होता.

तेजूची हवाई दलाची परीक्षा होती, नागपूरला. वर्षभर तिनं मान वर केली नव्हती. बाबूलाल तिला मोटरसायकलवर घेऊन निघाला. आदल्या दिवशी टीव्हीवर त्यानं शेतात जळणारं एक विमान पाहिलं होतं. एकच लेकरू. वाटेत चहाला थांबले. ती हात धुवायला गेली आणि त्यानं वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. उरलेल्या पेट्रोलवर गाडी दीडेक किलोमीटर गेली आणि आचके देत थांबली. मग तो प्लग काढून पुसत बसला, पुसलेलाच पुसत बसला. "बाबा, मी बसनं जाऊ का?" तिनं विचारलं. "होते ना पाच मिनटात," तो म्हणाला. पुरता उशीर झाल्यावर त्यानं हळूच कॉक उघडला. नागपूरला पोचले तेव्हा परीक्षेचं फाटक लागून अर्धा तास झाला होता. ती रडलीसुद्धा नाही. "जाऊ द्या बाबा. गाडीचा काय दोस."

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, सुमित्राबाईलाही नाही. पोरगी जमिनीवर राहावी म्हणून केलं, आणि ती राहिली जमिनीवर, पण बोलणं बंद करून राहिली.

महिना गेला, दीड महिना गेला. बाबूलाल मरतच होता. धावपट्टीवर मरे, झाडाला अडकून मरे, उडालाच तर कोणी अनोळखी पोरगं मागून येऊन त्याला पाडून जाई आणि वर इंग्रजीत चार अक्षरं लिहून जाई. "काय लिहिलं?" तो विचारी. "छान खेळले काका, असं," तेजू सांगे. त्याला खरं कळत होतं. पण पाय हळूहळू शिकत होते. आता एक पाय दाबून धरला की तो थरथरत का होईना, थांबायचा.

एका रविवारी तो सरळ उठला. धावपट्टी खाली सुटली, शेतं चौकोनी झाली.

"बाबा! उडाले तुम्ही!" तेजूचा आवाज फाटला. "आता माझ्या उजव्या पंखाशी राहा. कोनाले मारायचं नाई, फक्त राहायचं."

तो राहिला. पलीकडे तिचं विमान, इकडे त्याचं, मध्ये हातभर आभाळ. त्याला वाटलं, लहानपणी बाजाराला जाताना ती अशीच बोट धरून चालायची, फक्त आता बोट तिचं होतं.

"मागे पाहा, बाबा!"

मागे पाहायचं बटण त्याला वेळेवर सापडलं नाही. पत्र्यावर बोरं पडावीत तशा गोळ्या वाजल्या. तेजूनं गर्रकन विमान फिरवलं, त्याच्या मागचा पळवून लावला. तेवढ्यात दुसरा कुठून तरी खाली आला. तिच्या पंखातून धूर निघाला.

"गेली मी," ती म्हणाली.

"माह्यापाई मेली तू."

"खेळ आहे ना, बाबा. तुम्ही सरळ उडत राहा, मी इथून पाहून राहिली." बाबूलालनं पाय धरून विमान सरळ ठेवलं. "माझं असंच असते. आईनं सांगितलं का तुमाले? तो हवाई दलाचा फॉर्म निघाला पुन्हा. तीस तारखेपर्यंत. वयाच्या हिशेबानं शेवटचाच."

"भरला?"

"नाई. भरत बी नाई."

"काहून?"

"दोन वर्सं विचार केला मी. आपली गाडी कधी बिघडत नव्हती, अन् नेमकी त्या दिवशी बिघडली. ज्याच्या नशिबात नाई त्यानं कायले ओढाचं? आता थकली मी बाबा. लोकं म्हणतेत प्रयत्न कर. मले फाटकच दिसते."

बाबूलालला खाली डावीकडचा लाल दांडा दिसत होता. सांगितलं तर सकाळचे सात जातील. हे हसणं जाईल, हे 'बाबा, पाय' जाईल, कदाचित ते तीन 'हो'सुद्धा जातील. नाही सांगितलं तर सगळं राहील. पोरगी तेवढी आयुष्यभर स्वतःलाच अभागी समजत राहील, आणि त्याच्याशी गोड बोलत राहील. त्याचे दोन्ही पाय पावड्यांवर थांबले. विमान आपलं आपण चाललं होतं.

"पेट्रोल कमी झालं तुमचं," ती म्हणाली. "डावीकडे वळा, उतरवून देते."

"उतरू मंग. तेजू, आधी ऐकून घे."

"काय?"

"त्या दिवशी गाडी बिघडली नव्हती. मौद्याच्या अलीकडे चहा प्यालो आपन, तू हात धुवाले गेली, तेव्हा पेट्रोलचा कॉक म्या बंद केला. मले भेव वाटलं होतं, पोरी. तुह्या नशिबानं नाई काही केलं. म्या केलं."