पट्ट्यांची परीक्षा

भावजींनी चौथा ग्लास रिकामा केला, तेव्हा मी गाडीची किल्ली उचलून लेकीच्या लंगोटांच्या पिशवीत तळाशी कोंबली. त्यांच्या नव्या गॅरेजचं जेवण जोरात चाललेलं. माझ्याकडे कोण बघतंय? नवरा कामावर. मला, सासूबाईंना आणि सहा महिन्यांच्या लेकीला घरी सोडायचं काम या धाकट्या दिराकडे.

"चला वहिनी!" भावजींनी टेबल चाचपलं, हसले आणि खिशातून दुसरी किल्ली काढली. "मेकॅनिकला किल्लीवाचून अडवताय होय?"

"भावजी, तुम्ही प्यायलात."

"दोन घोट! डोळे बांधून इंजिन खोलतो मी."

वादात हा माणूस कुणाला ऐकत नाही. म्हणून मी लेकच त्यांच्या हातात दिली. "मग हिला गाडीतल्या तिच्या खुर्चीत बसवून पट्टे लावा. लागले की निघू."

त्या बाळखुर्चीनं शुद्धीतल्या माणसाच्याही नाकी नऊ येतात. पट्ट्यांच्या टोकांच्या दोन जिभा आधी एकमेकींत अडकवायच्या, मग दोन्ही मिळून खाचेत. हे अर्थात मी सांगितलं नाही. भावजींनी एक जीभ उलटी घातली, दुसरीत स्वतःची बाही अडकवली. लेकीनं त्यांचं नाक धरलं.

"मालक, पाना आणू?" कारागिरांनी शिट्ट्या मारल्या.

भावजी वैतागून मागे सरले, तर पाठ टेकली अंगणातल्या पांढऱ्या गाडीला. गेल्या आठवड्यात अपघातानंतर त्यांनीच ओढून आणलेली. तोंड पार चपटं झालेलं, आत अशीच एक खुर्ची. चालवणारा बाप प्यायलेला होता.

भावजींचं हसू मावळलं. "त्या खुर्चीचे पट्टे नीट लावलेले होते, वहिनी," ते हळू म्हणाले. "तरी पोर वाचलं नाही."

त्यांनी किल्ली पुढे केली. मला गाडी चालवता येत नाही. पण मध्येच सासूबाईंनी ती हिसकावली. "दे इकडे. शिकवलंस कशाला मग मला?"

लेकीचे पट्टे शेवटी मीच लावले, भावजी मागे तिच्याशेजारी बसले. वाटेत दोन सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले.

"आई, गिअर तरी बदल!"

"प्यायलेल्यांनी गाडीतलं बोलायचं नाही."

मागे लेकीनं काकाच्या नव्या शर्टावर दूध ओकलं. काका हलले नाहीत. घर येईपर्यंत त्यांनी तिच्या पट्ट्यांवरचा हात काढला नाही. उतरताना ते पट्टे सोडवायला मात्र मलाच यावं लागलं.