मी डाव्या चाकाची

मी डाव्या चाकाची आहे. एवढं एक वाक्य बोलायला मला तोंड असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण लोखंडाला कसलं आलंय तोंड! मी गाडीच्या ब्रेकची डिस्क. चाकाच्या आड जी चकचकीत थाळी फिरताना दिसते ना, ती मी. आम्ही दोघी जुळ्या, एकाच दिवशी ओतलेल्या. वरून पाहाल तर फरक कळायचा नाही. फरक आहे तो पोटात.

माझं पोट पोकळ आहे, आणि त्यात तिरक्या पाकळ्या आहेत. ब्रेक दाबला की गाडीचा सगळा वेग उष्णता होऊन माझ्या अंगात उतरतो. मी फिरत असते, तेव्हा या पाकळ्या मधून हवा ओढतात आणि कडेनं बाहेर फेकतात. अशी मी गार होते. पण हे एकाच दिशेनं फिरताना जमतं, म्हणून डावीच्या पाकळ्या एकीकडे कललेल्या, उजवीच्या दुसरीकडे. कारखान्यातल्या बाईनं आम्हाला खोक्यात ठेवताना दोघींवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, ‘डावी’ आणि ‘उजवी’.

आम्हाला ज्यानं आणलं तो चष्मे करतो. दिवसभर लोकांचा डावा डोळा, उजवा डोळा. तिथं केसभर चूक खपत नाही त्याला. पण महिन्यातून एक रविवार तो आपली घरची गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जायचा. तिथं त्या दिवशी हौशी माणसांना आपापल्या गाड्या पळवू देतात. शेजारी त्याची मुलगी बसायची, एकोणीस वर्षांची. एरवी घरात बापलेकीचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘दार लाव’. ट्रॅकवरून परतताना मात्र दोघांची तोंडं मिटायची नाहीत. खरं सांगते, तो ट्रॅकवर गाडीसाठी नाही, त्या परतीच्या दोन तासांसाठीच जात असावा.

मुलीची आई हॉस्पिटलात प्लास्टर घालायच्या खोलीत काम करते. आमच्या आधीच्या डिस्क तापून ब्रेकचं पेडल दोनदा मऊ पडलं होतं, दाबूनही गाडी लवकर थांबली नव्हती. तेव्हा तिनं अट घातली होती. पुढच्या वर्षभरात पेडलनं एकदाही दगा दिला नाही, तर वर्षातल्या शेवटच्या रविवारी मुलीनं गाडी चालवायला तिची हरकत नाही. पण एकदा जरी दिला, तर ट्रॅक बंद आणि गाडी विकायची. “मी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना प्लास्टर घालते,” ती म्हणाली होती. “घरी येऊन तेच काम नकोय मला.”

म्हणून आम्ही आलो. गॅरेजच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यानं आमच्या अंगावरचं तेल पुसलं. इतकं मन लावून पुसलं की चिठ्ठ्याही त्या फडक्याबरोबर गेल्या. मग आम्हाला दोन हातांत धरून तो विचार करत बसला. आमच्या वरच्या अंगावर तिरक्या चिरा आहेत. त्या ज्या चाकावर पुढं धावताना दिसतात तीच बाजू खरी, असं त्यानं ठरवलं आणि मला उजव्या चाकावर चढवलं. माझी जुळी गेली डावीकडे.

मुलगी बोल्ट देत होती. तिनं वाकून माझ्या कडेतून आत पाहिलं. “बाबा, या आतल्या पाकळ्या तिरक्या आहेत. यांना पण दिशा असते का?”

“दिशा या चिरांना असते, बाळा. त्या बघूनच लावल्यात.”

चष्म्याच्या दुकानातल्या बारीक कुंचल्यानं तिनं माझ्या कडेवर तीन रंगांचे पट्टे ओढले. किती तापलं की कुठला रंग उडतो, ते ठरलेलं असतं. पहिल्याच रविवारी तिन्ही रंग पांढरे पडले.

मग सुरू झाली माझ्या गारव्याची धडपड. आधी मागची पत्र्याची ढाल काढली, म्हणजे वारा लागेल. पुढच्या महिन्यात बंपरमधले धुक्याचे दिवे काढून तिथून लवचीक नळ्या आणल्या, थेट माझ्या मध्यापर्यंत. मग उशिरा उकळणारं ब्रेक ऑईल. मग दर चार फेऱ्यांनी एक सावकाश फेरी, ब्रेकला पायही न लावता. मुलगी वहीत सगळं लिहून ठेवायची. रंग थोडे उशिरा उडायला लागले, पण उडायचेच. एवढा वारा दारात आणून दिला आणि मी तो आत घेऊ शकत नव्हते. उलट्या पात्यांच्या पंख्यासारखी मी नुसती घुसळत होते. बाप बिचारा डोळ्यांत तेल घालून सगळं तपासायचा. पाणी नेमकं कुठं मुरतंय ते सोडून सगळं.

माझ्या अंगावर बारीक तडे उमटायला लागले.

शेवटचा रविवार उजाडला. मुलगी चालवायला बसली, बाप शेजारी. तिचा पाय मला त्या दिवशीच पहिल्यांदा कळला. बाप ब्रेकवर उभाच राहायचा. ही हळूच सुरुवात करायची, मग जोर, मग तेवढ्याच हळुवारपणे सोडून द्यायची. पहिल्या तीन फेऱ्या इतक्या सुरेख गेल्या, की मला वाटलं, निभावतंय.

चौथ्या फेरीत लांब सरळ रस्ता संपला आणि तिनं ब्रेक दाबला. माझी आग ऑईलपर्यंत पोचली होती. ऑईल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि मग पाय नुसते बुडबुडे दाबतो. पेडल थेट खाली गेलं. ती ओरडली नाही. तिनं पेडल दोनदा पटापट मारलं, गिअर उतरवले, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी कडेच्या खडीत घातली. आम्ही रुतून थांबलो. समोरची भिंत चार पावलांवर होती.

संध्याकाळी गॅरेजमध्ये आईनं विचारलं, काय झालं. तिला सांगावं लागलंच नसतं, गाडीच्या पोटात खडी होती. बापानं माझ्या कडेवरचे उडालेले रंग बघितले. मग म्हणाला, “माझं सगळं करून झालं होतं गं. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. पाय जरा जड पडला तिचा.”

तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला तसंच वाटत होतं. वहीतलं सगळं तपासून झालं होतं, उरला होता तो पोरीचा पाय. खापर तिथं फुटलं. ती दारात उभी राहून बुटांतली खडी झटकत होती. “हो,” ती म्हणाली. “माझाच पाय.”

त्यानंतर त्यांच्यात ‘जेवलीस का’ आणि ‘दार लाव’ एवढंच उरलं.

गाडी विकण्याआधी त्यानं नवीन डिस्क आणल्या. या वेळी चूक नको म्हणून आम्हाला काढण्याआधी आमचे फोटो काढले. नव्या डिस्कवरच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. त्यानं चिठ्ठ्या वाचल्या, फोटो बघितला, पुन्हा चिठ्ठ्या वाचल्या. “कारखान्यात उलट्या चिकटवल्यात वाटतं,” असं स्वतःशीच म्हणाला आणि फोटोत होतं तसंच सगळं बसवलं. माझी जुळी भंगारात गेली. गाडी कुणा दुसऱ्याच्या घरी गेली. ते लोक नुसतं बाजारात जाऊन येतात म्हणे, तेवढ्यानं डिस्क तापत नाही, त्यांना कधी काही कळायचं नाही.

मी इथंच आहे, गॅरेजच्या दाराला टेकण म्हणून. गंज चढलाय. पाकळ्या दाराकडेच तोंड करून आहेत, कुणीही वाकून बघावं अशा. पण वाकणार कोण? मुलगी आता बसनं जाते. लायसन्स कपाटात आहे. परवा तिच्या मैत्रिणीनं दारातच तिच्यापुढे किल्ली धरली, तर हिनं हात मागं घेतला. “नको, माझा पाय जड आहे.” हसून म्हणाली.

तुम्हाला ती कुठं भेटलीच, तर तिला सांगा. मला काही ते जमणार नाही. काल दार आपटायला लागलं, तेव्हा तिनं पायानंच मला जरा आत सरकवलं. हळूच सुरुवात, मग जोर, मग तेवढ्याच हळुवारपणे सोडून दिलं. पाय हलका आहे हो तिचा.