सरकीचं कडं

हिवाळ्याच्या सकाळी संत्र्यांच्या बागेवरून कोवळं ऊन उतरू लागलं की सौसरच्या आमच्या घरामागच्या मोकळ्या रानात एक मंद, वर्तुळाकार ध्वनी फिरायचा. तो सुनंदावहिनीच्या मनगटातून सुटणाऱ्या कड्याचा असायचा. माझ्या थोरल्या भावाची ही बायको शाळेत खेळ शिकवायची. कॉलेजात ती थाळीफेक खेळलेली. त्या खेळाची लय तिच्या देहात इतकी मुरली होती, की भाकरी थापतानाही तिचा खांदा आधी किंचित मागे जायचा आणि मग सगळं अंग एका संथ वळणाने पुढे यायचं.

"थाळी एकटीनंच फेका लागते," ती म्हणायची. "मले असं काही पाह्यजे, का फेकलं तर समोरचीनं झेललं पाह्यजे."

त्या इच्छेतून तिने बांबूच्या कामटीचं कडं वळवलं, त्यावर रंगीत दोरी गुंडाळली आणि त्याला नाव दिलं भिरकी. जमिनीला टेकू न देता ते एकीकडून दुसरीकडे, पार पलीकडच्या रेषेपर्यंत पोचवायचं, एवढाच खेळ. आसपासच्या शाळांनी हौसेने भिरक्या नेल्या. पण चैत्राच्या उन्हात बांबू वाळला, सांधा उकलला आणि झेलताना प्रणाली नावाच्या मुलीचा तळवा चिरला.

वहिनीने तिला स्वतः दवाखान्यात नेलं, तिच्या आईसमोर उभी राहून "चूक माही आहे" म्हणाली आणि शाळाशाळांतून साऱ्या भिरक्या परत आणल्या. भाऊ म्हणाला, "आता सोडून दे." नांगरून ठेवलेल्या शेतासारखं तिचं मौन वरून उघडंबोडकं दिसायचं, आतून मात्र पुढच्या पेरणीची वाट पाहत असायचं.

मग तिने सुताचं कडं केलं. ते हाताला मऊ होतं, पण हवेत जाताच मान टाकायचं. एकदा पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी तिच्यासोबत होते. रुईपासून वेगळ्या झालेल्या सरकीच्या ढिगात तिने कोपरापर्यंत हात खुपसला आणि तशीच उभी राहिली.

"काय करून राहिली वहिनी?"

"वजन पाहून राहिली. जड आहे, पण टोचत नाही."

सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये सरकी ठासून, वरून सुती पट्टी आवळून तिने नवं कडं बांधलं. ते सुटलं आणि घारीसारखं वाऱ्यावर रेलून राहिलं.

दिवाळीनंतर तिने खेळ पुन्हा मांडला, पांढुर्ण्यात, जाम नदीच्या काठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीच्या दोन काठांवरून, गोटमारीच्या प्रथेप्रमाणे, पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्याच काठावर, त्याच दोन गावांच्या मुली समोरासमोर उभ्या करून झेलण्याचा खेळ मांडायचा, हे तिनेच ठरवलेलं. प्रणालीही आली होती; ओढणीत हात गुंडाळून कडेला उभी. वहिनीने तिला बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने तीच पुढे आली, कडं दोन्ही हातांनी पिळून, वाकवून, दाबून पाहिलं.

"मॅडम, हे उकलत तर नाही ना?"

"तूच पाह्य. तुले पटलं तरच खेळू."

मुलगी सरळ मैदानात शिरली. पलीकडून आलेलं पहिलं कडं तिने छातीशी झेललं. वहिनीच्या चेहऱ्यावर तेव्हा पसरलेला प्रकाश कार्तिकातल्या उन्हासारखा होता, उष्णतेचा गर्व नसलेला.

आता वहिनी दूरच्या जिल्ह्यात शिकवते आणि लग्नानंतर मी इटारसीला असते. परवा माहेरी जाताना गाडी तिगावला थांबली. रुळांपलीकडच्या माळावर काही मुली भिरकी खेळत होत्या. हा खेळ कुठून आला असं मी खिडकीतून विचारलं, तर एक हसून म्हणाली, "आमच्या इथलाच आहे, काकू. पयल्यापासून खेळतो." मी तिला वहिनीचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी हलली. एखाद्याला जपायला त्याला आठवणारं माणूस लागतं असं मी इतकी वर्षं समजत होते. काळ कधीकधी फक्त नाव गाळतो आणि त्या माणसातलं बाकीचं सगळं जपून पुढे नेतो.