हिल्डाचा निरोप

मी हार्बर रेडिओचा मायक्रोफोन बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलणं पोचवलं. आज थोडं माझं ऐका.

१९७५ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्कार्थ बंदरात, बुटांच्या दुकानाच्या माडीवर मला बसवलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. जाहिरातींवर चालणारं गावचं पहिलंच रेडिओ स्टेशन! निवेदिका ग्लेंडा मासळीचे भाव सांगायची, हरवलेल्या मांजरांचे पत्ते सांगायची. लोक नुसते खुळावले होते.

तिसऱ्याच आठवड्यात 'एडिथ' ही मासेमारी बोट वादळात बेपत्ता झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी हिल्डा ओल्या एप्रनसकट जिना चढून आली. ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती, आणि तिचा नवरा आल्फी त्या बोटीवर.

"पोरी, बोटीवर तो तुमचंच स्टेशन लावतो. मला बोलू दे त्याच्याशी."

ग्लेंडानं वाटाण्याच्या डब्यांची जाहिरात मध्येच तोडली. हिल्डाचा श्वास माझ्या जाळीवर साचला.

"आल्फी, मेल्या, कुठे तडफडलायस..." ती थबकली. तोंडावर हात गेला. "नाही रे, चुकून गेलं तोंडातून. घरी ये."

सहा दिवस ती रोज दोन वाजता आली. सहाव्या संध्याकाळी शोध थांबवल्याची बातमी ग्लेंडालाच वाचावी लागली.

सातव्या दिवशी व्यवस्थापक थॉर्न वैतागले. "बास झालं, ग्लेंडा! जाहिरातवाले पळतायत. आता तिला मायक्रोफोनवर बोलू द्यायचं नाही. सांग तिला."

"मी? साहेब, तुम्हीच सांगा ना!"

ते खाली निघून गेले. दोन वाजता हिल्डा आली.

ग्लेंडानं तिला माझ्यासमोर बसवलं. तिनं प्रक्षेपण सुरू असल्याचा लाल दिवा लावला, पण मला चालू केलंच नाही. बाहेर लोकांच्या रेडिओवर गालिच्यांची जाहिरात वाजत होती.

"आल्फी," हिल्डा म्हणाली, "सगळे म्हणतात तू गेलास. आज मी एकच ताट मांडलं. घास उतरेना. मग उठून तुझंही मांडलं." तिनं वर पाहिलं. "आज आवाज नीट गेला ना गं?"

"गेला, हिल्डा," ग्लेंडा खाली मान घालून म्हणाली.

मी आतल्या आत ओरडत होतो. पण मला स्वतःचा आवाज कुठला?

हिल्डा पुन्हा आली नाही. वर्षभरात स्टेशनही बंद पडलं. आता मी गावच्या संग्रहालयात काचेआड आहे. मुलं नाक टेकवून बघतात नि पुढे जातात.

कुणीतरी माझी तार जोडा हो, एकदाच. आल्फीला सांगायचं राहिलंय, त्याचं ताट मांडलंय म्हणून.