बोटाखालचा नीलबिंदू

बीड बायपासवरच्या त्या मंगल कार्यालयात एरवी लग्नं लागतात. त्या रविवारी नवरा नव्हता, नवरी नव्हती, तरी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, आणि उशिरा आलेली दारात चपलांच्या ढिगाशेजारी उभी होती. वधू-वरांसाठी असते त्या लाल मखमली खुर्चीत साक्षीनाथ महाराज बसले होते. मागच्या पडद्यावर, जिथं एरवी थर्माकोलची नावं असतात, तिथं लिहिलं होतं : ‘न बदलणारं सत्य प्रत्यक्ष पाहा.’

“दिवा विझतो,” महाराज हळूच म्हणाले. माइक चांगला होता, त्यामुळे हळू बोललेलंही पार जेवणाच्या हॉलपर्यंत ऐकू जात होतं. “देह विझतो. मन तर घटकेत विझतं, घटकेत पेटतं. मग न विझणारं काय आहे? ते बघायचं तर बाहेरची दारं लावा. अंगठे कानात. पापण्या मिटा. पहिलं बोट पापणीवर. आता दाबा. अजून दाबा. दुखतंय? जो दुखतो तो अहंकार.”

अहंकार पुष्कळांना दुखत असावा, कारण कण्हण्याचे आवाज येऊ लागले. मग कुणीतरी ‘दिसला’ म्हणालं. पाठोपाठ इकडून तिकडून तेच. मिटल्या डोळ्यांपुढं निळा ठिपका, भोवती सोनेरी कडं. वकिलाला दिसला, तहसीलमधल्या कारकुनाला दिसला, शहागंजातल्या कापडवाल्यालाही दिसला. महाराज म्हणाले, “माणसं निराळी, बिंदू एकच. सगळ्यांना जे सारखं दिसतं, तेच अचल. तोच तुमच्यातला पाहणारा.” लोकांनी तोंडात बोटं घातली. डोळ्यांवरची काढून, इतकंच.

पहिल्या रांगेत सुदर्शनराव बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

सुदर्शनरावांबद्दल आधीच सांगायला हवं, कारण या गोष्टीत सर्वांत जास्त लाज त्यांच्याच वाट्याला येणार आहे. शेंद्र्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा तत्त्वज्ञान शिकला आणि जन्मभर कॉलेजात तेच शिकवत राहिला. जाणीव म्हणजे काय, सगळं बदलत असताना त्या बदलाला पाहणारा कोण, यावर ते तासन्‌तास बोलत. निरोपाच्या समारंभात एका विद्यार्थ्यानं निरागसपणे विचारलं होतं, “सर, तुम्हाला स्वतःला ते कधी जाणवलं का?” सगळे हसले, सरही हसले. पण तो प्रश्न त्यांच्या घशात अडकून राहिला. जन्मभर स्वयंपाकावर व्याख्यानं द्यावीत आणि घास मात्र कधी खाल्लेला नसावा, असं त्यांना वाटू लागलं. अशा माणसाला महाराजांनी डोळे दाबायला सांगितले आणि त्याला निळं काही दिसलं. तो रडणार नाही तर काय करणार?

या शिबिरांत एक रिवाज होता. ज्याला बिंदू दिसला त्यानं माइकवर येऊन ‘साक्ष’ द्यायची. आणि साक्ष देणाऱ्याला मध्येच अडवायचं नाही, कारण त्याच्या तोंडून अचल तत्त्वच बोलतं, असं खुद्द महाराजांनी सांगून ठेवलं होतं. वकिलाची साक्ष बरी, पण तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची साक्ष म्हणजे सोन्याहून पिवळं. व्यवस्था पाहणारा गोकुळ नावाचा उत्साही गृहस्थ दर रविवारी त्यांना घरून आणायला गाडी पाठवू लागला. सुदर्शनराव संस्कृत आधार देत, महाराज डोळे मिटून मान डोलवत. बहुधा त्यातलं निम्मं महाराज स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते.

मग सुदर्शनरावांनी अक्काला आणलं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण चतुराबाई. आई लवकर गेल्यावर सुदाला हिनंच वाढवलं. नवरा गेल्यापासून ती भावाकडंच राहत होती. तिला काचबिंदू होता. क्रांती चौकाजवळ डॉक्टर संध्या यांचा दवाखाना आहे, तिथले थेंब चालू होते. अक्काचा हात कापायचा, थेंब गालावर पडायचा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सुदर्शनराव स्वतः तिच्या डोळ्यांत औषध घालत. त्यात कधी खंड पडला नव्हता. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती : डोळ्यांवर दाब येऊ द्यायचा नाही.

हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही. त्यांनी महाराजांना विचारलंही. महाराज हसले. “प्राध्यापक महाशय, थेंब म्हणजे बाहेरचं पाणी. आत झरा फुटत असताना बाहेरचं पाणी कशाला ओतता?” आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा पटवून घ्यावंसं वाटलं. त्यांनी बाटली फ्रिजच्या दारात मागे सरकवून ठेवली, आणि रविवारी अक्का त्यांच्याशेजारी बसून जोरजोरात पापण्या दाबू लागली.

थोड्याच दिवसांनी अक्का दिवेलागणीला म्हणाली, “सुदा, बल्बाभोवती कडी दिसायलीत रं. इंद्रधनुष्यावाणी. अन् डोकं लई ठणकतंय.”

सुदर्शनराव खुर्चीतून उठलेच. तेजोवलय! बिंदूच्या पुढची पायरी! त्यांनी तिथल्या तिथे गोकुळला फोन लावला. डोकं दुखतंय हे सांगायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी अक्काला स्टेजवर चढवलं. नाकावर पदर घेऊन ती एवढंच म्हणाली की दिव्याला कडी दिसतात. टाळ्या पडल्या. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की या माउलीला आता पुस्तकांची गरज उरलेली नाही. अक्काला पुस्तकांची गरज कधीच नव्हती. तिला थेंबांची होती.

नंतर एका सकाळी चहा घेताना तिनं कप ठेवला तो टेबलाच्या बाहेर. कप फुटला. ती खाली न बघता म्हणाली, “सुदा, आज आभाळ आलंय का रं? उजेड कमी हाये.”

बाहेर लख्ख ऊन होतं.

सुदर्शनरावांनी तिला तडक डॉक्टर संध्यांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, लेसर केला, अक्काला आतल्या खोलीत निजवलं आणि मग सुदर्शनरावांना समोर बसवलं. उजवा डोळा गेला होता. डावा वाचेल, पण पूर्वीसारखा नाही.

“थेंब कधी बंद केले, सर?” त्यांनी विचारलं.

सुदर्शनरावांनी सांगितलं. सगळंच सांगितलं : नीलबिंदू, कडी, साक्ष. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण त्या खोलीत, त्या यंत्रांसमोर, आपलंच बोलणं त्यांना महाराजांच्या तोंडचं वाटू लागलं. डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या म्हणाल्या, “दिव्याभोवती कडी दिसली, तो डोळ्यातला दाब वाढल्याचा इशारा होता. कडी आणि डोकेदुखी एकत्र दिसली की रुग्णाला धावत इकडं आणायचं असतं. तुम्ही त्यांना स्टेजवर नेलंत.”

“आणि बिंदू?” त्यांनी विचारलं. विचारताना स्वतःचीच किळस आली, तरी विचारलं.

“तुमचे डोळे मी तपासलेत, चांगले आहेत. पापणी मिटा, नजर नाकाकडे वळवा. आता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला बोट अगदी अलगद टेकवा. कुठं दिसतंय?”

“नाकाच्या बाजूला.”

“आता नजर बाहेर न्या आणि बोट नाकाच्या बाजूला टेकवा.”

ठिपका पळाला. इकडं बोट तर तिकडं ठिपका, वर बोट तर खाली. सुदर्शनराव पुन्हापुन्हा करून पाहत राहिले, आणि एखादं लहान मूल चोरी करताना पकडलं जावं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

डॉक्टरांनी समजावलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याला एकच काम येतं, मेंदूला ‘उजेड’ म्हणून कळवणं. उजेड पडला तरी तो तेच कळवतो आणि बोटानं दाबलं तरी तेच. त्या पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून दाब बाहेरच्या कोपऱ्याकडून आला की मेंदूला उजेड नाकाच्या बाजूला भासतो. सगळ्यांना सारखा दिसतो, कारण सगळ्यांचे डोळे सारखे घडलेत. “जाणीव म्हणजे काय, ते मला माहीत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “तुमचा शोध खोटा आहे असंही मी म्हणणार नाही. पण हा बिंदू म्हणजे काय, ते मला पक्कं माहीत आहे.”

सुदर्शनराव आतल्या खोलीत गेले. अक्का जागी होती. पावलांवरून तिनं ओळखलं आणि हात पुढं केला. त्यांनी तो धरला. मग म्हणाले, “अक्का, तू एवढं जोरात का दाबलंस गं? दुखत होतं तर सोडायचं ना.”



“मला तो निळा ठिपका दिसतच नव्हता रं,” ती म्हणाली. “उजव्या डोळ्यात तर कायबी नाय. समदे म्हणायचे दिसला, दिसला. तू माईकवर सांगितलं व्हतंस की सगळ्यांना दिसतो म्हणून. मी नाय म्हणले असते तर लोक काय बोलले असते? परोफेसराची बहीण, अन् तिलाच नाय दिसत. तुझा मान गेला असता. म्हणून दाबीत राहिले.”

त्यानंतर ती असंही म्हणाली की तू काही मनाला लावून घेऊ नको. सुदर्शनरावांना ते ऐकवेना. जन्मभर ज्या ‘पाहणाऱ्या’वर ते बोलत आले होते, तो जर खरंच आत कुठं बसला असेल, तर त्या क्षणी त्यानं डोळे मिटावेत असं त्यांना वाटलं. इतकी शरम त्यांना कधीच वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी गोकुळची गाडी आली आणि सुदर्शनराव तिच्यात बसले. हॉल भरलेला होता. महाराजांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांचा अहंकार दुखवून घेतला, नेहमीप्रमाणे लोकांना ठिपका दिसला आणि माइक प्राध्यापकांच्या हातात आला.

“मी इथं पुष्कळदा साक्ष दिली,” ते म्हणाले. “आज शेवटची देतोय. ज्यांना डोळ्यांचा काही आजार आहे, त्यांनी कृपा करून हात मांडीवरच ठेवावेत. बाकीच्यांनी मी सांगतो तसं करा. अगदी अलगद. दाबू नका.”

महाराजांना वाटलं, नवा काही आधार निघतोय. त्यांनी मान डोलवली. सुदर्शनरावांनी बोट बाहेरच्या कोपऱ्याला टेकवायला सांगितलं आणि विचारलं, बिंदू कुठं? नाकाकडं, असं उत्तर आलं. मग नाकाच्या बाजूला. बाहेर गेला, लोक म्हणाले. वर बोट, खाली गेला. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“हे आपलं अचल तत्त्व,” सुदर्शनराव म्हणाले. “बोटाला घाबरून इकडं तिकडं पळतंय.”

गोकुळ माइककडं धावला. पण साक्षीला अडवायचं नाही हा नियम त्यानंच दर रविवारी वाचून दाखवला होता. तो अर्ध्यावर थबकला आणि त्यानं महाराजांकडं पाहिलं. महाराज मंद हसून म्हणाले, “हा स्थूल बिंदू, बाळांनो. जो पळत नाही तो सूक्ष्म बिंदू. तो पुढच्या महाशिबिरात.” यावरही दोघा-चौघांनी हात जोडलेच. पण वकील आपलं बोट न्याहाळत बसला होता आणि कापडवाला चप्पल शोधायला उठला होता.

सुदर्शनरावांनी डोळ्याच्या पडद्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं साध्या शब्दांत सांगितलं. दिव्याभोवतीच्या कड्यांबद्दलही सांगितलं, आणि कुणाच्या घरी तशी कडी दिसत असतील तर इथून उठून थेट डॉक्टरकडे जा, असं बजावलं. तेव्हा मधल्या रांगेतली एक बाई खरोखरच उठली आणि नवऱ्याला ओढत बाहेर घेऊन गेली. मग त्यांनी बहिणीचं सांगितलं. तेवढं सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

“माझ्या बहिणीचा डोळा महाराजांनी एकट्यानं घेतला नाही,” ते म्हणाले. “मीही घेतला. तुम्ही माझ्या शिक्षणाकडं बघून विश्वास ठेवलात आणि मी माझं शिक्षण घरी ठेवून इथं येत होतो. सत्य शोधायला माझी ना नाही. मी अजूनही शोधणार आहे. पण कुणीही काही दाखवलं, तर एवढं विचारत जा : बोट काढल्यावर ते उरतं का? जागा बदलली तर ते पळतं का? हे विचारायला पदवी लागत नाही. माझ्याकडं होती, तरी मी विचारलं नाही. आणि ज्याला दिसत नाही, त्यानं दिसत नाही म्हणायला लाजू नका. त्या लाजेपायी माझ्या बहिणीचा डोळा गेला. लाज वाटायला हवी होती ती मला.”

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ते खाली उतरले आणि घरी जाण्यासाठी रिक्षा केली.

अक्का ओट्याजवळच्या खुर्चीत बसली होती. संध्याकाळच्या थेंबांची वेळ झाली होती. त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली, हात धुतले, तिची मान मागे टेकवली आणि डाव्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढली. थेंब नीट पडला.

“सुदा,” ती डोळा मिटून म्हणाली, “मग तुझं ते न बदलणारं काय सापडलं का रं?”

“नाही, अक्का.”

“बरं,” ती म्हणाली. “उद्या सकाळच्या थेंबांना मात्र इसरू नको.”