शहजादीची शपथ

जैनुद्दीन शेखनं आधी वायुदलात लढाऊ विमानं उडवली, मग पंचवीस वर्षं प्रवासी विमानं. लाखो माणसं त्यानं सुखरूप पोचवली, पण सख्खी बायको काही कधी त्याच्या विमानात बसली नाही. बाकीच्या वैमानिकांवर मात्र तिचा भारी भरवसा. तिकीट काढताना एकच प्रश्न विचारायची, "हे तर न्हाईत ना चालवायला?"

'हे' म्हणजे नवरा. शहजादी नेवाशाची. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. बँकेतल्या साहेबानं विचारलं तरी लेकीला, रुमानाला, पुढं करायची.

विमानात न बसायचं कारण जुनं होतं. रुमाना सहा महिन्यांची असताना राजस्थानात जैनुद्दीनच्या विमानावर गिधाड आदळलं आणि त्याला खुर्चीसकट हवेत बाहेर पडावं लागलं. शहजादी लेकरू मांडीवर घेऊन क्वार्टरच्या पायरीवर बसली होती. आगीचे बंब धावपट्टीकडं पळताना तिनं पाहिले आणि दिवस मावळेपर्यंत तिला कुणी काहीच सांगितलं नाही. मग जीपमधून कंबरेला पट्टा बांधलेला नवरा उतरला. तिनं त्याला आधी पोटभर शिव्या दिल्या, मग रडली, मग शपथ घेतली, "तुमी चालवता त्या कशातच मी बसनार न्हाई." बाई शब्दाची इतकी पक्की, की स्कूटरवरसुद्धा बसली नाही.

आता त्याची पासष्टी आली होती. एकदा ती भरली की कायद्यानं विमान बंद. शेवटची फेरी दिल्ली ते शिर्डी, म्हणजे थेट गावच्या, कोल्हारच्या, उंबऱ्यावर. आपण पुढं आणि शहजादी मागं, असं आयुष्यात एकदा तरी व्हावं, एवढंच जैनुद्दीनला हवं होतं, आणि ते फार हवं होतं. सरळ विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून बापलेकीनं बनाव रचला.

दोन दिवस आधीच तो फुलवाल्याकडून विकत घेतलेला हार गळ्यात घालून घरी आला. "संपलं एकदाचं," म्हणाला. "आज शेवटचं विमान उतरवलं. उद्या ऑफिसात नुसती कागदपत्रं. परवा तू न् रुमाना सकाळच्या विमानानं कोल्हारला पुढं व्हा, मी संध्याकाळी येतो."

शहजादीनं हार खुंटीला अडकवला आणि मान डोलावली. इतक्या सहज, की जैनुद्दीनला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मोड आलेल्या मटकीची झणझणीत उसळ केली. उसळ म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण त्यानं नुसता आमटीभात खाल्ला. पोट जरा ठीक नाही म्हणाला. तिनं आग्रहही केला नाही.

सकाळी प्रवासी चढायच्या कितीतरी आधी तो कॉकपिटमध्ये जाऊन बसला. सहवैमानिक मनवा त्याच्या लेकीहून लहान. सगळ्या सूचना तिनंच द्यायच्या आणि कॅप्टनचं नाव गाळायचं, असं ठरलं होतं. बायको पहिल्याच रांगेत, त्यामुळं त्याला लघवीलाही उठता येईना. शत्रूच्या हद्दीजवळ उडताना इतका घाम फुटला नसेल.

एरवी त्याचं विमान उतरायचं नाही, बसकण मारायचं. लढाऊ विमानांची सवय. लेकीकडून ऐकून शहजादी घरी त्यावरून हसायची. आज मात्र त्यानं शिर्डीच्या धावपट्टीवर ते असं टेकवलं, की झोपलेलं लेकरू हललं नसतं.

"जिंकलो!" तो मनवाला म्हणाला.

आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंनी आगीचे बंब पुढं आले. निवृत्त होणाऱ्या कॅप्टनच्या विमानावर पाण्याची कमान धरायची, ही सलामीची रीत. जैनुद्दीनला ती माहीत होती. शहजादीला नव्हती. तिला बंब म्हणजे एकच गोष्ट माहीत होती. जन्मभर हजार गोष्टी तपासून विमान उडवणारा माणूस नेमकी एवढीच विसरला होता.

खिडक्यांवर पाणी थडथडलं आणि कॉकपिटच्या दारावर धडका बसू लागल्या. हवाईसुंदरी आरतीनं आतल्या फोनवर सांगितलं, "सर, मॅडम ऐकत नाहीयेत."

सांगायची गरजच नव्हती. आवाज दारातून आरपार येत होता.

"जैनुद्दीन! आवो जैनुद्दीन, बाहीर या! आग लागलीय!"

जैनुद्दीननं विमान थांबवलं, माईक ओढला आणि त्या दिवसाची आपली एकुलती एक सूचना दिली, "शहजादी, आग न्हाई लागली. सलामी हाय ती. जाग्यावर बस."

दीडशे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

कोल्हारकडं जाताना गाडी रुमाना चालवत होती आणि आरशातून मागं बघून गालातल्या गालात हसत होती. जैनुद्दीन बायकोकडं सरकला.

"नाव घेतलंस माझं. आणखी एकदा घे की."

"पुन्ना आग लागली की घेईन."

"पण मी आत हाय हे तुला कसं कळलं?"

"परवाच वाटलं. हार घालून आलात, पन अंगाला विमानाचा न्हाई, ऑफिसाचा वास. काल मटकी केली, तवा खात्री पटली. उडायच्या आदल्या दिवशी तुमी कडधान्य शिवत न्हाई. वर गेलं की पोटात वारा फुगतो म्हनता ना? तुमचं विमान आजवर मी कधी आतून बघितलं न्हाई, पन तुमचं ताट चाळीस वर्सं बघत आले."

"मग बसलीस कशी? शपथ मोडलीस?"

शहजादीनं खिडकीबाहेरच्या उसाकडं तोंड फिरवलं.

"चाळीस वर्सं घरी एकटीच भीत बसले. म्हटलं, शेवटचं एकदा संगं बसून भ्यावं."

जैनुद्दीननं तिचा हात धरला, लेक बघत असतानाही. तिनं तो सोडवून घेतला, कारण तिला पायाशी ठेवलेली पिशवी उघडायची होती. आतून स्टीलचा डबा निघाला, कालच्या मटकीचा.

"खा आता पोटभर," ती म्हणाली. "उद्यापासून कुटं उडायचंय तुमाला?"