बांधावरचा तिसरा ताण

सन दोन हजार अकरा, फाल्गुन वद्य. होळीची राख विझली होती, पाडव्याला आठ दिवस होते. त्या दिवशी दुपारी मला उभा केला. त्याआधीचं माझं आयुष्य आडवं होतं. ते मी धरत नाही.

मी टॉवर आहे. मोबाईलचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेरा वर्षं लोकांनी तेच विचारलं. मी एका माणसाच्या घरचा, हौशी रेडिओचा टॉवर. चाळीस फूट उंच, तीन पायांचा, मधे जाळी. दहा-दहा फुटांचे चार तुकडे. नारायणगावात द्राक्षाच्या मांडवाचे अँगल जोडतात, त्या दुकानात माझं वेल्डिंग झालं. माझ्याबरोबर निघालेलं बाकी लोखंड कुठे कुठे द्राक्षाचे घड धरून उभं आहे. मला डोक्यावर अँटेना मिळाली.

माझा मालक सलीम. मंचरहून घोडेगावला जाताना रस्त्यापासून आत एक वस्ती आहे, तिथे त्याचं घर. विहिरीच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरणं, बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी वर काढणं हा त्याचा धंदा. परीक्षा देऊन त्याने रेडिओवर बोलायचा परवाना काढला आणि चौकटीत घालून भिंतीला टांगला. घराला लागून पत्र्याची एक खोली होती. तिच्यात त्याने रेडिओचं मशीन मांडलं.

सलीम कामाला पक्का होता. पण माझ्या बाबतीत त्याने पहिल्याच दिवशी चूक केली. आधी खड्डा खणून काँक्रीट ओतलं, मग मोजमाप घेतलं.

माझ्यासारखा उंच आणि अंगाने बारीक टॉवर नुसत्या पायावर उभा राहत नाही. त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण लागतात. दोन ताण सलीमच्या अंगणात बसले. तिसऱ्याची जागा मोजली तर ती शेजारच्या बांधावर गेली. काँक्रीट तर वाळलं होतं.

शेजारी यमाजी. घराणं मेंढरांचं. तरुणपणी कळप घेऊन कोकणापर्यंत जायचा. आता फिरणं सोडून शेती बघत होता, घरापुरती पन्नास-साठ मेंढरं ठेवली होती. सलीम बांधावर गेला आणि हातातला लोखंडी खुंटा दाखवला. यमाजीने माझ्याकडे बघितलं, बांधाकडे बघितलं.

"किती जागा लागती?"

"हातभर."

"आदी खड्डा घेतला आन मंग इचारतो व्हय रं? लई शाना."

"चुकलं, यमाजीभाऊ. भाडं काय ते सांगा."

"मातीचं भाडं घेत न्हाई आमी. गाड तुझा खुंटा."

"असं फुकट कसं घेऊ?"

"फुकट कोन म्हनलं? फेडायची. कवा ती मी न्हाई सांगनार. तुझी तुला कळंल."

तिसरा ताण बांधावर बसला.

आता एक गोष्ट सांगतो, जी सलीमने कोणाला सांगितली नाही. ताणाची तार खुंट्याला बांधतात तिथे लोखंडी क्लॅम्प लावतात. एका ताणाला तीन लागतात. तीन ताणांचे नऊ. सलीमकडे आठच होते. नवव्यासाठी परत नारायणगावला जायचा त्याने कंटाळा केला. एका ताणाला दोनच बसणार होते. आता नीट ऐका. बांधावरचा ताण मला सलीमच्या घरावर पडू देत नाही. अंगणातले दोन मला यमाजीच्या बाजूला पडू देत नाहीत. सलीमने बांधावरच्या ताणाला तीन क्लॅम्प लावले. अंगणातल्या एकाला दोन.

त्याने ठरवून केलं असं मी म्हणत नाही. हात आपल्या घराकडे वळतो. पण मी वर होतो. मला दिसलं.

पुढची वर्षं बरी गेली. दर रविवारी सकाळी सलीम मशीनपुढे बसायचा. लांबलांबची माणसं बोलायची. एक जण विचारायचा, माझा आवाज कसा येतोय. दुसरा सांगायचा, चांगला येतोय, माझा कसा येतोय. मग दोघं आपापल्या गावचं हवामान सांगायचे आणि निरोप घ्यायचे. यमाजी एकदा दारात बसून तासभर ऐकत राहिला.

"मुद्द्याचं कवा बोलत्यात?"

"हाच मुद्दा," सलीम म्हणाला.

"आमच्या येळेला यवढ्यासाठी टेकाडावर उभं ऱ्हाऊन हाक मारायचो."

"इंदूरला जायची का हाक?"

"इंदूरला आमचं काय काम?"

वस्तीवरच्या हौशीरामने दोन हजार पंधरा साली पाऊस पडला नाही तेव्हा सांगितलं, या टावरमुळं ढग पळत्यात. काही वर्षांनी पाऊस जास्त झाला, कांदा सडला. हौशीराम म्हणाला, टावरनंच वढून आनला. मी दोन्ही वेळा काही केलं नव्हतं.

सलीम दर वर्षी वैशाखात कंबरेला पट्टा बांधून माझ्यावर चढायचा. गंज खरवडायचा, रंग द्यायचा, नटबोल्ट आवळायचा. प्रत्येक ताणाला खाली एक पेच असतो, तो फिरवला की तार सैल होते किंवा आवळते. त्याला ग्रीस लावायचा. वीज जमिनीत उतरावी म्हणून पायाशी तांब्याची पट्टी गाडली आहे, तिथे मीठ-पाणी घालायचा. यमाजीने आपल्या ताणाला पटक्याचं पिवळं फडकं बांधलं होतं, येताजाता कोणाच्या गळ्याला तार लागू नये म्हणून. रोज सकाळी तो काठीने तार वाजवून बघायचा. आवाज जाड आला की बांधावरून ओरडायचा.

"सलीम, ढिला पडलाय रं तुझा बाप!"

तो मला सलीमचा बाप म्हणायचा. मी हरकत घेतली नाही.

एक वर्ष सलीमला कडुनिंबाच्या शेंड्यावरून अँटेनाची लांब तार न्यायची होती. चढला, पडता पडता वाचला. बांबूने ढकलून बघितली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी यमाजी गोफण घेऊन आला. दगडाला तंगूस, मासे धरायची नायलॉनची बारीक दोरी, बांधली, गोफण फिरवली. पहिला दगड फांदीत अडकला. दुसरा शेंड्यावरून पलीकडे उतरला. तंगुशीला दोरी, दोरीला तार.

"हे बी फेडायचं का?" सलीमने विचारलं.

"ह्याला काय फेडायचं? पोरांचा ख्योळ हाय."

मग सलीमचा गुडघा गेला. दोन हजार एकोणीसपासून तो माझ्यावर चढला नाही. दुसरं कोणी चढेना. लाइटीच्या खांबावर चढणारा माणूस आला, जाळी हलवून बघितली आणि चहा पिऊन गेला. सलीमचा हात पोचेल तिथपर्यंत रंग लागत राहिला. खालचे सहा फूट लालभडक, वर गंज. केस न रंगवता मिशा रंगवलेला म्हातारा दिसतो तसा मी दिसत होतो.

त्याच काळात बिबट्या उसातून वस्तीत येऊ लागला. सलीमने आपल्या अंगणासाठी माझ्या छातीवर मोठा बल्ब लावला. उजेड बांधापलीकडेही पडायचा. यमाजीने ते पाहिलं आणि आपला मेंढवाडा उचलून बांधालगत आणला. जाळी, पत्रे, सगळं माझ्या उजेडात. माझ्या टप्प्यातही. ते त्याच्या ध्यानात आलं नाही. सलीमच्या आलं असावं. त्या दिवशी तो दोन क्लॅम्पवाल्या ताणापाशी बराच वेळ उकिडवा बसला होता. तेव्हाही नवीन क्लॅम्प आणता आला असता. त्याने ग्रीस लावलं आणि उठला.

सन दोन हजार चोवीस, वैशाख. दुपारी चारचा सुमार. पश्चिमेकडून धूळ उठली. मग वारा आला, मग गारा. असा वारा मी आधी अंगावर घेतला होता, पण तेव्हा माझं अंग धड होतं. दोन क्लॅम्पवाली तार सरकली. आधी बोटभर, मग एकदम सुटली आणि चाबकासारखी अंगणात आपटली. मी मेंढवाड्याकडे कलंडलो. एका पायाचं वेल्डिंग उकललं. अंगणातल्या दुसऱ्या ताणाने मला कसाबसा धरला, पण त्याचीही तार उसवू लागली.

वारा दम खायला थांबला. पुढचा लोट डोंगराकडून येताना मला दिसत होता. मला उभं ठेवायची वेळ गेली होती. पडायचं नक्की होतं. कुठे पडायचं, एवढंच उरलं होतं.

मेंढवाड्यात साठ मेंढरं आणि त्या महिन्यातली कोकरं होती. आणि यमाजीची बायको चिमाबाई. मेंढरू भ्यालं की पळत नाही. एकमेकांत डोकं खुपसून जागेवर घट्ट होतं.

"चिमे, भाईर नीघ!" यमाजी ओरडला.

"कोकरं चेंगरत्यात! मी न्हाई येत!"

"टावर पडतुया!"

"पडू द्या!"

सलीम लंगडत बाहेर आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मेंढवाड्याकडे बघितलं, मग आपल्या घराकडे. घराकडे फार वेळ बघितलं नाही. बोअरची मोटार ओढायची चेनकप्पी त्याने ओढत आणली आणि सुटलेल्या ताणाच्या खुंट्याला अडकवली.

"यमाजीभाऊ, गोफण आणा. याच्या मानेमागून, तुमच्या ताणाच्या वरून दोरी टाका. मी इकडं ओढतो. मी म्हणलो की तुमच्या ताणाचा पेच खोला."

यमाजीला कळायला क्षण लागला.

"आरं, तुझ्या घरावर यील त्यो."

"येऊ दे."

"येडा झाला का? मशीन हाय आत तुझं!"

"गोफण आणा, भाऊ. बोलायला टाइम न्हाई."

दारात सलीमची बायको झुबेदा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रुको," ती म्हणाली. "सिलाई मशीन बाहर काढती. फिर गिराओ."

तिने शिलाई मशीन काढलं, गॅसची टाकी काढली. परवान्याची चौकट भिंतीवरच राहिली. तिच्यासाठी कोणी आत गेलं नाही.

यमाजी एक्क्याऐंशी वर्षांचा. गारांनी त्याचं कपाळ फुटलं होतं. त्याने गोफण फिरवली. पहिला दगड माझ्या अंगावर टणकन वाजला. दुसरा माझ्या मानेमागून गेला, बांधावरच्या ताणाच्या वरून, आणि पलीकडे उतरला. तंगुशीला दोरी बांधली, ती मागून माझ्या गळ्यात आली. दोन्ही टोकं सलीमने कप्पीला लावली आणि साखळी ओढायला लागला. एकटा ओढेना, तेव्हा झुबेदा आली. खडखड करत साखळी उतरत होती आणि मी इंच इंच मेंढवाड्याकडून उठत होतो. मी सरळ झालो. किती वर्षांनी इतका सरळ उभा होतो. ते फार टिकणार नव्हतं.

"खोला!"

यमाजी पेचाशी बसला होता. पेच सहज फिरला. त्याला दर वर्षी ग्रीस मिळालं होतं. आटे संपायच्या आधी यमाजी थांबला.

"सलीम! आजून इचार कर!"

"तेरा वर्षं केला! खोला!"

लोट डोंगरावरून सुटला होता. साखळीचा शेवटचा हिसका बसला आणि बांधावरचा ताण सुटला. सलीम आणि झुबेदा बाजूला झाले. मी गेलो.

पत्र्याच्या खोलीवर माझी छाती आली, स्वयंपाकघरावर मान. पत्रे, मशीन, भिंत, चौकट, सगळं खाली. मग दुसरा वारा आला. तो घराच्या उरलेल्या भिंतींवरून गेला, माझ्यावरून गेला, मेंढवाड्यावरून गेला. त्याला पाडायला कोणी उभं नव्हतं.

गारा थांबल्यावर चिमाबाई बाहेर आली. दोन्ही काखांत कोकरं होती. पदर फाटला होता. तिने माझ्याकडे बघितलं, पडलेल्या घराकडे बघितलं आणि झुबेदाला म्हणाली, "चूल आमच्याकडं हाय. चल."

आता माझं असं आहे. माझे तीन तुकडे वाकले, ते सलीमच्या भिंतीला आडवे टेकून आहेत. खालचा तुकडा, लाल रंगाचा, सरळ निघाला. तो यमाजीने मेंढवाड्याच्या दाराशी पुरला आणि नवा बल्ब त्यावर टांगला. दहा फूट उरलो आहे. बिबट्याला तेवढं पुरतं. घराला नवीन पत्रे आले, मशीन नाही. सलीम रविवारी सकाळी बांधावर येऊन बसतो. माझा आवाज कसा येतोय, हे आता तो यमाजीलाच विचारतो.

तुमच्या घरी कोणी असा टॉवर उभा करणार असेल तर त्याला सांगा, क्लॅम्प मोजून आण. एक कमी पडला तर परत जा.

घर पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सलीम पहार घेऊन बांधावर गेला. खुंटा खणून काढला, खड्डा मातीने भरला, पायाने दाबला. यमाजी काठी टेकून बघत होता. सलीमने पहार खाली ठेवली.

"भाऊ, त्या दिवशी क्लॅम्प आठच व्हते. तुमच्याकडं पडू न देणाऱ्या ताणाला मी दोन लावले."

यमाजीने सुटलेल्या तारेवरचं पिवळं फडकं सोडलं. झटकलं. घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं.

"फिटलं," तो म्हणाला.